पॅरामेडिक होण्याआधी मधले प्रशिक्षण घ्यावे का? निर्णय घेताना या चुका टाळा

ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) बेसिक हा रुग्णवाहिकेवरच्या उपचारांचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम संपवून रुग्णवाहिकेवर काम सुरू केलेल्या मुलामुलींपुढे वर्ष उलटण्याच्या आत एक प्रश्न उभा राहतो. पुढे पॅरामेडिक, म्हणजे याच कामातली सर्वांत वरची पातळी, गाठायची हे त्यांच्या मनात ठरलेले असते. परंतु त्याआधी ॲडव्हान्स्ड ईएमटीसारखे मधले प्रशिक्षण घ्यावे, की ते वगळून थेट पॅरामेडिकच्या पदवीला प्रवेश घ्यावा, हे काही केल्या ठरत नाही. मुंबईत अनेक वर्षे रुग्णवाहिकेवर काम केल्यानंतर आता मी याच मुलांना शिकवतो आणि हा प्रश्न घेऊन ती वारंवार माझ्याकडे येतात. माझे मत आधीच सांगतो. मधल्या प्रशिक्षणात शिकलेली कौशल्ये दुसऱ्या दिवसापासून वापरायला मिळतील अशी ड्यूटी तुमच्यासमोर असेल, तर ते प्रशिक्षण जरूर घ्यावे; तशी ड्यूटी नसेल, तर तो वेळ आणि ती फी पदवीसाठी राखून ठेवावी. हा साधा विचार बाजूला पडतो आणि निर्णय भलत्याच कारणांनी घेतला जातो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पॅरामेडिकल आणि पॅरामेडिक यांत गल्लत

आपल्याकडे प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे तंत्रज्ञ, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ अशा सगळ्यांच्या अभ्यासक्रमांना सरसकट पॅरामेडिकल म्हणतात. रुग्णवाहिकेवर आपत्कालीन उपचार करणारा पॅरामेडिक हा त्यांतला एक वेगळा व्यवसाय आहे. जाहिरातीत पॅरामेडिकल हा शब्द दिसला म्हणून प्रवेश घेऊ नये. प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचे नेमके कोणते नाव छापून येणार आहे, ते आधी पाहावे.

अमेरिकेतली शिडी जशीच्या तशी मुंबईत लावणे

इंटरनेटवर या विषयावर जे काही वाचायला मिळते, त्यातले बहुतेक अमेरिकेतले असते आणि तिथला सल्ला तिथल्या व्यवस्थेपुरता योग्यही असतो. तिथे १९७० साली स्थापन झालेली नॅशनल रजिस्ट्री ही संस्था चार पातळ्यांवर प्रमाणपत्र देते: प्रथम प्रतिसादक, ईएमटी, ॲडव्हान्स्ड ईएमटी आणि पॅरामेडिक. जुन्या लेखनात जो इंटरमीडिएट हा शब्द भेटतो, तो १९८५ आणि १९९९ च्या अभ्यासक्रमांवर आधारलेल्या पातळ्यांचा आहे. २००९ च्या शैक्षणिक मानकांनंतर मधल्या पायरीला ॲडव्हान्स्ड ईएमटी हे नाव आले. शिरेतून किंवा हाडाच्या पोकळीतून द्रव देणे, श्वासमार्ग मोकळा ठेवण्यासाठी स्वरयंत्राच्या वर बसणारी साधने वापरणे आणि ग्लुकोज, नॅलोक्सोन (अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेवरचा उतारा) यांसारखी ठरावीक औषधे देणे एवढे त्या पातळीवरच्या व्यक्तीला करता येते. श्वासनलिकेत नळी घालणे, बारा लीडच्या ईसीजीचा अर्थ लावणे, हृदयाला द्यायच्या शॉकची ऊर्जा स्वतः ठरवून तो देणे ही कामे पॅरामेडिककडे राहतात. पॅरामेडिकच्या वर्गात बसण्यासाठी मधली पायरी तिथेही बहुतेक ठिकाणी सक्तीची नाही, ईएमटी असणे पुरते. तरीही अनेकजण ती घेतात, कारण त्या पातळीच्या माणसाला तिथल्या कित्येक गावांमध्ये स्वतंत्र पद असते आणि त्याच्या कामाची मर्यादा नियमाने आखून दिलेली असते.

मुंबईत हे चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या; त्यांपैकी २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. या सेवेची घडणच रुग्णवाहिकेत डॉक्टर असावा अशी केली गेली. डॉक्टर शेजारी बसलेला असताना मधल्या पातळीच्या तंत्रज्ञाच्या हाती स्वतंत्रपणे किती काम येईल, याचा विचार प्रवेश घेण्याआधी करायला हवा. ती जागा शिकण्यासाठी चांगली आहे, यात शंका नाही; पण अमेरिकेतल्या ॲडव्हान्स्ड ईएमटीचे काम तिथे मिळेल अशी अपेक्षा धरली, तर पहिल्याच महिन्यात मन खट्टू होते.

लहान अभ्यासक्रमांची बेरीज पदवीएवढी होईल असे समजणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. संलग्न व आरोग्य-सेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा २०२१ साली झाला आणि त्याच्या अनुसूचीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)’ याचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी लागते. आरोग्य-सेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षे लागतात. सहा महिन्यांचे एक प्रमाणपत्र, त्यावर आणखी सहा महिन्यांचे दुसरे आणि सोबत दोन दिवसांची एसीएलएसची (हृदयविकाराच्या आणीबाणीतील प्रगत उपचारांची) कार्यशाळा, असे तुकडे जोडून हे तास भरत नाहीत. एसीएलएस आणि बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) या प्रशिक्षणांची कार्डे उपयोगी आहेत, नोकरीच्या मुलाखतीत ती विचारली जातात. पण दोन वर्षांनी त्यांची मुदत संपते आणि त्यांनी तुमची पातळी बदलत नाही.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पदवीला बहुतेक संस्था बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असल्याची अट घालतात. वाणिज्य शाखेतून आलेला एक हुशार मुलगा मधल्या प्रशिक्षणावर दीड वर्ष आणि घरच्यांची साठवलेली रक्कम खर्च करून बसला, आणि पदवीचा अर्ज भरताना त्याला ही अट कळली. ज्या संस्थेत त्याने प्रशिक्षण घेतले होते तिथे हे कोणी त्याला सांगितले नव्हते. अट आधी कळली असती, तर त्याच दीड वर्षात तो बाहेरून विज्ञान शाखेची बारावी देऊ शकला असता.

सुई टोचता आली म्हणजे पुढची पातळी गाठली असे मानणे

मधल्या प्रशिक्षणाचे सगळ्यांत मोठे आकर्षण म्हणजे लाइन लावणे, अर्थात औषध देण्यासाठी शिरेत सुई बसवणे. त्याविषयी एक रात्र मला विसरता येत नाही. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरून कॉल आला होता. लाकडी जिना अरुंद होता, वळणावर स्ट्रेचर फिरत नव्हता, म्हणून आम्ही फक्त किट, ऑक्सिजन आणि घडीची खुर्ची घेऊन वर गेलो. साधारण सत्तरीचे आजोबा खाटेवर आडवे होते, बनियन घामाने भिजलेला होता, आणि त्यांची मुलगी सारखी म्हणत होती, "डॉक्टर, बाबा हाकेला ओ देत नाहीत." आम्ही डॉक्टर नव्हतो, पण मुंबईत रुग्णवाहिकेतून उतरलेल्या प्रत्येकाला लोक डॉक्टरच म्हणतात.

माझ्यासोबतच्या विद्यार्थ्याने नुकतेच मधले प्रशिक्षण पूर्ण केले होते. श्वास आणि नाडी पाहून झाल्याबरोबर त्याने दंडाला पट्टा बांधला आणि तो शीर शोधू लागला. मोबाइलच्या उजेडात त्याने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शीर हुकली, आणि त्याचे सगळे लक्ष त्या हातावर खिळून राहिले. मी किटमधून ग्लुकोमीटर काढून बोटावर टोचले. रक्तातली साखर ३४ होती, म्हणजे धोकादायक इतकी कमी. मग डॉक्टरांशी फोनवर बोलून, दुसऱ्या हाताला लाइन घेऊन आम्ही २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) दिले आणि काही मिनिटांतच आजोबांनी डोळे उघडून विचारले, "कोण आलंय गं?"

लाइन लागणारच होती, म्हणजे त्या मुलाचे कौशल्य वाया गेले नव्हते. पण ती कशासाठी हवी आहे हे कळण्याआधी त्याने सुई हातात घेतली होती. खरा धडा तर त्यानंतर आला. आजोबा बोलू लागल्यावर घरची मंडळी म्हणाली की आता बरे वाटते आहे, दवाखाना नको. आणि त्या मुलालाही ते पटले. खाटेशेजारच्या डब्यात ग्लिमेपिराइड या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या होत्या. या गोळ्यांचा परिणाम, विशेषतः उतारवयात आणि मूत्रपिंड नीट काम करत नसताना, बराच काळ टिकतो, आणि शिरेतून दिलेली साखर संपली की रुग्णाची साखर पुन्हा खाली जाऊ शकते. हे समजावून सांगितल्यावर मुलगी तयार झाली, आणि आम्ही आजोबांना खुर्चीत बांधून तीन मजले उतरवले. शीर सापडणे मधल्या प्रशिक्षणात शिकता येते. ती गोळी पाहून रुग्णाला घरी सोडायचे नाही हे ठरवण्यासाठी शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र सलग शिकावे लागते, आणि त्यासाठीच पदवीची वर्षे असतात.

म्हणून मधले प्रशिक्षण घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की त्याआधी किमान काही महिने बेसिक पातळीवर एवढे कॉल करा, की श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धी आणि साखर ही तपासणी हात आपोआप करू लागतील. ज्यांची ही बैठक पक्की असते त्यांना मधल्या प्रशिक्षणाचा खरोखर फायदा होतो, कारण पदवीच्या वर्गात इतर विद्यार्थी पहिल्यांदा शीर शोधत असतात तेव्हा त्यांचे लक्ष रुग्णाकडे मोकळे असते.

अनुभव पुरेसा झाला की मग, म्हणून थांबत राहणे

याच्या उलट टोकाची चूकही होते. पाच वर्षे काम केल्याशिवाय पदवीला जाऊ नये, असे काही जुनी मंडळी सांगतात. मला हे पटत नाही. वर्षभराच्या नेटाने केलेल्या कामानंतर शिकण्याची भूक सर्वाधिक असते. पुढे घरची जबाबदारी वाढते, विरार किंवा कल्याणहून लोकलने येऊन रात्रपाळी करायची आणि सकाळी वर्गात बसायचे हे दरवर्षी अधिक जड होत जाते, आणि हाताला लागलेल्या चुकीच्या सवयीही घट्ट होतात.

फी भरण्याआधी न विचारलेले प्रश्न

अभ्यासक्रमाच्या एकूण तासांपैकी किती तास कॅज्युअल्टीत आणि किती तास रुग्णवाहिकेवर आहेत, ते कोणत्या रुग्णालयात आहेत आणि तिथे तुम्हाला रुग्णाला हात लावू दिला जातो की नुसते उभे राहावे लागते, हे मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे. कार्यालयातून मिळालेल्या उत्तरावर थांबू नये. तुम्ही जिथे नोकरी करता किंवा करणार आहात, तिथली गाडी कोणत्या प्रकारची आहे हेही पाहावे. एआयएस १२५ या रुग्णवाहिकांसाठीच्या भारतीय मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. त्यांतल्या बी प्रकारच्या, म्हणजे केवळ रुग्णवाहतुकीच्या गाडीवर मधल्या प्रशिक्षणाचा उपयोग जवळजवळ होत नाही, डी प्रकारच्या, म्हणजे ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या गाडीवर मात्र तो रोज होतो.

प्रशिक्षण झाले आहे, पण अडकल्यासारखे वाटते आहे

कौशल्य वापरायला मिळत नसेल तर ते हातातून जाते, आणि लाइन लावण्याचा हात तर फार लवकर जातो. अशा वेळी नोकरी सोडण्याआधी एखाद्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी परिचारिकांच्या देखरेखीखाली काम करण्याची लेखी परवानगी मागावी. मी सुचवल्यानंतर काही मुलांनी हे केले आहे आणि त्यांना परवानगी मिळाली आहे. औषधांच्या मात्रांचे गणित चुकत असेल, तर किलोमागे मायक्रोग्रॅम, दर मिनिटाला थेंब ही उदाहरणे रोज पाच याप्रमाणे कागदावर सोडवावीत, मोबाइलवर नव्हे; धावत्या गाडीत कागदावरचीच सवय कामी येते. आणि प्रत्येक कॉलची नोंद लॉगबुकात ठेवावी: तक्रार काय होती, आधी काय तपासले, काय केले, कोणत्या डॉक्टरांच्या सूचनेवरून केले. रुग्णाचे नाव लिहू नये. हुकलेली शीरही लिहावी, आणि ती का हुकली हेसुद्धा. त्या आजोबांच्या कॉलची नोंद माझ्या विद्यार्थ्याने सकाळी ड्यूटी संपल्यावर केली, आणि तिच्या खाली गोळीचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते.