दावा हरल्यावर खर्च कोणी आणि किती द्यायचा?

मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात, फोर्टात असो वा दिंडोशीला, दावा हरलेल्या माणसाला पहिली धास्ती वाटते ती समोरच्या वकिलाची सगळी फी आता आपल्याच डोक्यावर बसणार याची. ती बहुधा अनाठायी असते. तरीही ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. आधी निकालपत्रातील अंतिम आदेश वाचा.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ नुसार खर्चाचा निर्णय न्यायालयाच्या अखत्यारीतला असतो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा ही सर्वसाधारण रीत आहे आणि न्यायालयाने तसे न करण्याचे ठरवले, तर त्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात. ‘दावा खर्चासह नामंजूर’ असे लिहिलेले असेल, तर वादीने प्रतिवादीचा खर्च द्यायचा. ‘ज्याने त्याने आपापला खर्च सोसावा’ असे असेल, तर कोणीच कोणाचे देणे लागत नाही.

नेमकी रक्कम मात्र हुकूमनाम्यात, म्हणजे निकालानुसार तयार होणाऱ्या डिक्रीत सापडते. त्याच्या शेवटी दाव्याच्या खर्चाचा तक्ता असतो: एका बाजूला वादी, दुसऱ्या बाजूला प्रतिवादी आणि खाली दावाअर्जाचे मुद्रांक, वकीलपत्राचे मुद्रांक, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरची फी, समन्स बजावणी अशा ओळी. यातील वकील फी सहसा नियमांनी ठरते, त्यामुळे ती प्रत्यक्ष दिलेल्या फीपेक्षा पुष्कळ कमी भरते. जिंकलेल्या पक्षकारावर हा अन्यायच आहे, असे मला वाटते. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात खर्च वास्तव आणि वाजवी असावा असे म्हटले होते. व्यापारी वादांत २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने कलम ३५ बदलले असून तिथे वकिलांचा वाजवी खर्च, पक्षकारांची वर्तणूक आणि तडजोडीचा वाजवी प्रस्ताव कोणी नाकारला का, हेही पाहिले जाते. म्हणून असा प्रस्ताव द्यायचा असेल, तर तो लेखी द्या.

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळताच बेरीज स्वतः तपासा. आकड्यात चूक असेल, तर कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. केवळ अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, कारण जिंकलेला पक्षकार बारा वर्षांपर्यंत दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करू शकतो.

पैसे देताना सर्वात जास्त जपा. ते न्यायालयात भरा किंवा बँकेमार्फत द्या. समोरच्याच्या हातात रोख दिलेली आणि न्यायालयात नोंद न झालेली रक्कम दरखास्त चालवणारे न्यायालय विचारात घेत नाही, मग तुम्ही कितीही प्रामाणिकपणे ती दिलेली असो. म्हणून रक्कम परस्पर द्यावीच लागली, तर पावती घ्या आणि ती न्यायालयात नोंदवून घेण्यासाठी वकिलांना त्याच आठवड्यात अर्ज करायला सांगा.