एअरमन होताय? घर आणि देव कसे सांभाळायचे, त्याबद्दल थोडं

हवाई दलात एअरमन म्हणून, म्हणजे अधिकाऱ्यांखालच्या पदावर, जायचं ठरवलेली पोरं भेटली की ट्रेड, पगार आणि पोस्टिंग यांबद्दल विचारतात. आईचे प्रश्न वेगळे असतात. सणाला येशील का, उपास जमतील का, लग्नाचं काय? भरतीच्या क्लासमध्ये यांची उत्तरं कुणी देत नाही. आमचं घर माळकरी, माझं काम फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उड्डाणाला तयार करतात तिथे, तंत्रज्ञाचं आणि संसार झाला तोही याच नोकरीत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आधी रजेचं बघू. नियमित एअरमनला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल लीव्ह असते. ऐकायला भरपूर वाटतं, पण मिळते ती कामाच्या सोयीने. दिवाळीला सगळ्यांनाच घरी जायचं असतं आणि सेक्शन रिकामा ठेवता येत नाही. मी दिवाळी सोडायचो आणि आषाढी मागायचो. बिहारच्या मित्राला छठ हवी असते, बंगाल्याला दुर्गापूजा, मल्याळ्याला ओणम. आषाढी एकादशी कधी येते हे सेक्शनमधल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नसतं, त्यामुळे तिच्यावर कुणाचा डोळा नसतो. वर्षाच्या सुरुवातीलाच लीव्ह प्लॅनमध्ये ती तारीख घालून ठेवा आणि दुसऱ्याच्या सणाला त्याची ड्युटी आपणहून घ्या. पुढच्या वर्षी तुमचा अर्ज अडत नाही. आळंदीपासून पूर्ण वारी म्हणजे जवळपास तीन आठवडे, तेवढी रजा एकरकमी मिळणं कठीण. पण वाखरीला पालखी गाठून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा चालता येतो. तेवढ्यावरही आई खूश असते.

अग्निवीरवायू म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या सेवेसाठी, जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. २०२२ पासून एअरमनची भरती मुख्यतः याच वाटेने होते. रजा वर्षाला ३० दिवस. अर्ज अविवाहितांनीच करायचा आणि चार वर्षांत लग्न करायचं नाही, हे लिहून द्यावं लागतं. तेव्हा मुलगी बघायची घाई घरच्यांनी करू नये, हे आताच सांगून टाका. पैशाचंही तसंच. पहिल्या वर्षीचं पॅकेज महिना ३० हजारांचं, पण हातात २१ हजार येतात, उरलेले सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशांत, जातात. घरच्यांनी ३० हजार धरून कर्जाचा हप्ता बांधला की भांडणं सुरू होतात. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांनाच नियमित सेवेत घेतलं जातं, हेही सोयरिकीची बोलणी करणाऱ्या मामाला कळू द्या.

आता देवाधर्माचं. सेवेत येताना शपथ घ्यायची असते. ती देवाच्या नावाने घ्या किंवा नुसती प्रतिज्ञा करा, कायद्याने दोन्ही चालतं. खासगीत तुम्ही काय मानता, काय जपता, यात कुणी नाक खुपसत नाही. युनिफॉर्ममध्ये मात्र कपाळी गंध, मनगटावर दिसणारा गंडा चालत नाही. दाढीबद्दलही नियम आहे. ज्यांच्या धर्मात केस कापणं किंवा दाढी करणंच निषिद्ध आहे, त्यांनाच ती ठेवता येते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये निकाल हवाई दलाच्या बाजूने लागला. पटो न पटो, हे माहीत असूनच अर्ज भरावा.

माझी तुळशीची माळ ड्युटीच्या वेळी लॉकरमध्ये असायची. घरच्यांना ते सुरुवातीला रुचलं नाही. पण विमानावर काम करताना गळ्यात माळ किंवा बोटात अंगठी असली की ती कुठेतरी अडकते, धातूची असेल तर विजेचा झटकाही बसू शकतो. एखादा मणी तुटून कॉकपिटच्या फटीत गेला तर आतलं काही अडकू शकतं, पुढचं विचारू नका. सर्व्हिसिंग संपली की टूल किटमधलं प्रत्येक अवजार आपापल्या खाचेत परत गेलंय का, ते बघायचं. एक छोटा स्पॅनर जरी कमी भरला तरी विमान सोडत नाहीत. सगळे गुडघ्यांवर बसून टॉर्चने शोधतात, मग शिफ्ट संपलेली असो की क्वार्टरवर सत्यनारायण मांडलेला असो. सापडल्यावर फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही करायची. त्या सहीच्या भरवशावर वैमानिक विमानात बसतो. कुठल्याही पूजेपेक्षा ती सही करताना माझा हात जड व्हायचा.

एकादशीचं मात्र सोपं आहे. मेसमध्ये आदल्या दिवशी सांगून ठेवा, फळं, दूध, बटाटा काही ना काही निघतं. फक्त रात्रपाळीला निर्जळी करू नका. रनवेजवळच्या उन्हात तर नकोच.

लग्न झालं की पहिलं काम कागदाचं. लग्नाची नोंद, मग मुलाच्या जन्माची नोंद पीओआरमध्ये (अशा नोंदींचं हवाई दलाचं अधिकृत पत्रक) छापून आली की ती सर्व्हिस रेकॉर्डवर चढते. ती होईपर्यंत कागदोपत्री बायको नसतेच, मग क्वार्टर, दवाखाना सगळंच अडतं. नॉमिनेशनही तेव्हाच बदला. लग्नापूर्वी आईचं नाव टाकलेलं तसंच राहतं आणि पुढे सासू-सुनेत त्यावरून जे होतं ते मी जवळून पाहिलंय. वाटणी कशी करायची ते दोघींना समोर बसवून ठरवा.

क्वार्टरला वेटिंग असतं आणि काही पोस्टिंग एकट्यानेच काढावी लागतात. तेव्हा बँक, गॅस, शाळा, म्हाताऱ्यांचे दवाखाने हे सगळं बायको एकटी निभावते. जॉइंट खातं उघडून द्या, पासवर्ड सांगून ठेवा. कुठे आहात, किती विमानं आहेत हे फोनवर बोलता येणार नाही. ते का, हे तिला लग्नाआधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ‘काहीतरी लपवतोय’ असा संशय येतो. मुलांना शक्यतो केंद्रीय विद्यालयात घाला. बदली झाली तरी अभ्यासक्रम तोच राहतो. बदलीचा आदेश वर्षाच्या मधेच आला तर शाळेच्या दाखल्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, सामानाची बांधाबांध नंतरही होते.