दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी रक्त कमी होतंय?

गेल्या पावसाळ्यात मिरजेकडच्या एक आजी आल्या. हिमोग्लोबिन ६. वर्षभरात तीनदा रक्त चढवलेलं, तोंडातून आणि खालून केलेली दुर्बीण तपासणी नॉर्मल. विचारलं, "आजी, गुडघ्यासाठी काय घेता?" त्यांनी पदराची गाठ सोडली. कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या, एक पांढरी, एक पिवळी. चार वर्षं रोज.

लहान आतडं साधारण ६ मीटर लांब. नेहमीच्या दुर्बिणी त्याच्या दोन टोकांपाशीच थांबतात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर वर्ष काढू नका. लोहानेही शौचाला काळं होतं. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, तर ते रक्त समजा.

आधी खोदून विचारा. वेदनाशामक, रक्त पातळ करणारी गोळी? अनवाणी शेतकाम? मग हुकवर्म, म्हणजे आतड्यातलं रक्त शोषणारा जंत. संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन? आतड्याचा टीबी. तरुण मुलगा असेल, तर मेकेलच्या पिशवीसाठी (लहान आतड्याला जन्मतःच असलेली छोटी पिशवी) टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन. आणि साठीपुढच्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावल्याशिवाय त्याला सोडू नका. हृदयातली महाधमनीची झडप आकसलेली असली की आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपू शकतं. एडवर्ड हाइड यांनी हा संबंध १९५८ मध्येच मांडला होता.

मग कॅप्सूल, म्हणजे गिळायचा छोटा कॅमेरा. जेमतेम २६ मिलिमीटर लांब, सेकंदाला दोन किंवा जास्त फोटो, आठ-दहा तास. रक्त उघड जात असेल तर दोन-तीन दिवसांतच गिळायला द्यावी. महिनाभराने जखम भरून गेलेली असू शकते. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर फोटो काळपट येतात.

पण एक प्रश्न विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊच नये: जेवल्यावर पोटात कळ येते का? टीबीने किंवा वेदनाशामकांनी आतडं अरुंद झालं असेल, तर कॅप्सूल तिथेच अडकते आणि कधी ऑपरेशनची वेळ येते. आजींना कळा येत होत्या, म्हणून आधी आतड्याचा सीटी केला. दोन ठिकाणी आतडं आवळलेलं दिसलं. कॅप्सूल रद्द, थेट फुग्याची दुर्बीण. जपानचे डॉ. हिरोनोरी यामामोतो यांनी ती २००१ मध्ये जगापुढे आणली. फुगे फुगवत आतडं नळीवर चढवत खोलवर जाता येतं.

पडद्यावर आतडं आवळणारी पातळ, गोल कडी दिसली आणि तिच्या काठावर ताजा व्रण. पुढे तशीच दुसरी. फुग्यानेच दोन्ही रुंद केल्या, पुडीतल्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद. दिवाळीनंतर आजी आल्या तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ होतं. गुडघा अजून दुखतो; त्यासाठी फिजिओथेरपी चालू आहे.