परदेशात शिकताना मित्र का जुळत नाहीत? या चुका टाळा

विद्यापीठात येऊन दोन-तीन महिने झाले. ओळखी भरपूर झाल्या, फोनमध्ये नंबर साठले, पण रविवारी दुपारी हक्कानं हाक मारावी असं एकही माणूस नाही. अशा वेळी बहुतेक जण खापर स्वतःच्या स्वभावावर फोडतात. भिडस्तपणा आड येतो हे खरं, पण बहुतेकदा चूक त्याच्या आधीच, वेळापत्रकात झालेली असते.

तासांचा हिशेब न करणं

कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी 2018 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांना त्यांनी प्रश्न विचारले होते. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त, असा त्यांचा अंदाज. आता सत्र 12 ते 15 आठवड्यांचं धरा. 50 तास भरायचे तर आठवड्याला साधारण सव्वातीन ते सव्वाचार तास हवेत, आणि तेही त्याच माणसाबरोबर. लेक्चर संपल्यावर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गप्पा मारल्या, तर 15 आठवड्यांत जेमतेम अडीच तास होतात. मग 'इतके महिने झाले तरी कुणी जवळचं नाही' यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासात दिसली. कामानिमित्त एकत्र काढलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. प्रोजेक्टच्या गटात तासन्‌तास बसूनही माणसं परकी राहतात ती त्यामुळेच. काम संपल्यावर पुढचा अर्धा तास एकत्र काढा. तो जास्त कामाचा.

भाराभर क्लबांत नाव घालणं

सत्राच्या सुरुवातीला क्लबांची ओळख करून देणारा मेळावा असतो. तिथे उत्साहाच्या भरात आठ-दहा ठिकाणी नाव नोंदवलं जातं आणि महिन्याभरात सगळीकडचं जाणं सुटतं. दोनच निवडा. निवडताना तीन गोष्टी बघा: दर आठवड्याला भेट होते का, दर वेळी तीच माणसं येतात का, आणि हातांना काम असतं का. मोठी व्याख्यानं, पार्ट्या, एकदिवसीय सहली यांत चेहरे बदलत राहतात. समूहगान, नाटक, बोर्ड गेम, गिर्यारोहणाची भिंत, हौशी फुटबॉल यांत तसं होत नाही. शिवाय तिथे सतत बोलत राहावं लागत नाही, आणि परक्या भाषेत दमणाऱ्याला तेवढा आधार पुरतो.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखादं छोटं काम अंगावर घ्या: खुर्च्या मांडणं, साहित्य आणणं, उपस्थितीची यादी ठेवणं. काम असलं की दहा मिनिटं आधी पोहोचावं लागतं. गर्दी जमण्याआधीच्या त्या दहा मिनिटांत दोघं-तिघंच असतात. नवख्या माणसाला बोलायला याहून सोपी वेळ मिळत नाही.

वर्गातही रोज जागा बदलू नका. मोरलँड आणि बीच या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही तरुणी एका वर्गात कुणाशीही न बोलता नुसत्या येऊन बसत. एक 5 वेळा आली, एक 10, एक 15 आणि एक कधीच नाही. सत्राच्या शेवटी फोटो दाखवले तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली. म्हणजे एका ठरावीक रांगेत बसण्यानंही निम्मं काम होतं.

'कधीतरी भेटू' म्हणून सोडून देणं

हे वाक्य जवळजवळ सगळीकडे निरोप घेताना बोलतात. ते आमंत्रण समजून वाट बघत बसलं की हिरमोड ठरलेला. आमंत्रणात दिवस, वेळ, जागा आणि संपण्याची वेळ असावी. उदाहरणार्थ: 'गुरुवारी लॅबनंतर साडेपाचला लायब्ररीच्या तळमजल्यावर तासभर असाइनमेंट करणार आहे. येतेस? नंतर कॉफी घेऊ.' यात नाही म्हणणंही सोपं असतं, त्यामुळे हो म्हणणंही सोपं जातं.

उत्तर कसं वाचायचं? 'गुरुवारी जमणार नाही, शुक्रवारी चालेल का' हा होकार आहे. नुसतं 'नाही जमणार' आलं तर दोन आठवड्यांनी एकदा पुन्हा विचारा. तेव्हाही दुसरा दिवस सुचवला नाही, तर मनाला लावून न घेता पुढच्या माणसाकडे वळा. एक-दोन नकारांवरून आपण कुणाला आवडत नाही असं ठरवू नका. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या 2018 सालच्या अभ्यासात पहिल्या गप्पांनंतर बहुतेकांना वाटत होतं त्यापेक्षा ते समोरच्याला जास्त आवडले होते.

फक्त आपलीच माणसं, किंवा त्यांना पूर्ण टाळणं

मायदेशातल्या मंडळींचा कंपू करून बसणं ही चूक सगळ्यांना ठाऊक असते. उलट टोकाची चूक कुणी सांगत नाही: 'इथल्यांत मिसळायचंय' म्हणून आपल्या भाषेत बोलणाऱ्यांकडे पाठ फिरवणं. स्टीफन बॉकनर आणि सहकाऱ्यांनी 1977 सालीच दाखवलं होतं की परदेशी विद्यार्थ्याला तीन वेगवेगळी वर्तुळं लागतात. आपल्या देशातले मन मोकळं करायला, स्थानिक लोक अभ्यास आणि सरकारी कामं निभवायला, आणि इतर देशांतले विद्यार्थी फिरायला-खेळायला. सुरुवातीला स्थानिकांपेक्षा तिसरं वर्तुळ लवकर जुळतं, कारण तेही नवखे आणि तेही एकटे. स्थानिकांचे शाळेपासूनचे मित्र असतात, त्यांना घाई नसते. त्यांना वर्ष लागलं तरी चालेल. घरात सोबत राहणारे सगळे मायदेशातलेच असतील, तर निदान क्लब तरी वेगळे निवडा.

रोज संध्याकाळ फोनवर घालवणं

घरी बोलण्यात गैर काहीच नाही. वेळ मात्र सांभाळा. क्लब, खेळ, स्वयंपाकघरातल्या गप्पा हे सगळं संध्याकाळी सहा ते नऊमध्ये घडतं आणि नेमकी तीच वेळ कॉलमध्ये गेली तर उरतं काय? घड्याळातला फरक बघून आठवड्यातून तीन वेळा ठरवा, शक्यतो सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीत.

न समजताच मान डोलावणं

गोंगाटात सहा जणांच्या गप्पा परक्या भाषेत पकडणं भल्याभल्यांना जमत नाही. हसून वेळ मारून नेलीत, तर लोक तुम्हाला अबोल समजतात. 'शेवटचं कळलं नाही, परत सांग' एवढं म्हणा, आणि मोठ्या घोळक्याऐवजी दोघा-तिघांत बसा.

मधल्या पडझडीत मोठा निर्णय घेणं

नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. 6 ते 18 महिने राहिलेल्यांचं बस्तान त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कच्चं होतं. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांनाच असा उतार लागलेला दिसला नाही. अनेकांना पहिले आठवडेच सर्वांत जड जातात. तरी वर्षभराचा अभ्यासक्रम असेल, तर अर्धा काळ या उतारावर जाऊ शकतो हे आधीच धरून चाला. अशा आठवड्यात गाशा गुंडाळण्याचा किंवा घर बदलण्याचा निर्णय घेऊ नका. ठरलेले दोन क्लब तेवढे सोडू नका. पण दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलं, लेक्चर बुडू लागली, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ लगेच घ्या. परीक्षा जवळ आल्यावर त्यांच्याकडची रांग वाढते.