छोट्या ट्रॅक्टरची अवजारं एकट्यानं, कमी त्रासात कशी बदलावीत

मुंबईत ट्रॅक्टर म्हटलं की बहुतेकांना जुहूच्या वाळूत कचरा ओढणारा ट्रॅक्टर आठवतो. पण गोराई-मनोरीच्या बाजूला अजून भात लागतो, पावसाळा सरला की भाजीही होते. 15 ते 25 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर या तुकड्यातुकड्यांच्या शेतीला अगदी बेताचा. अडचण होते ती अवजार बदलताना. जून-जुलैमध्ये पावसानं जोर धरला की सकाळी चिखलणीला फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर लागतो, दुपारी जमीन सपाट करायला फळी, संध्याकाळी रोपांच्या मुठी न्यायला ट्रॉली. दर वेळी पाऊण तास पहार लावून झटापट करायची म्हटली, तर दिवस त्यातच जातो आणि कंबर दुखते ती वेगळीच.

मी स्वतः बरीच वर्षं ही झटापट केली. एकदा रोटाव्हेटरची पिन बसेना म्हणून मी दोन्हीच्या मध्ये उभा राहिलो आणि मुलाला म्हटलं, "दोन बोटं मागे घे." क्लचवरचा त्याचा पाय सुटला. माझ्या मधल्या बोटाचं नख गेलं, हाड वाचलं. त्या दिवसापासून घरात नियम केला: इंजिन चालू असताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कुणीही जायचं नाही. चावी काढून खिशात, हँडब्रेक ओढलेला, मगच हात घालायचा. हा लेख वाचून एवढं एकच पाळलंत तरी माझं लिहिणं कामी आलं.

आता मूळ गोष्ट. जोडताना अवजार नडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या वेळी ते सोडण्याच्या पद्धतीत असतं. ओल्या मातीत, तिरपं, एक बाजू रुतलेली अशा अवस्थेत सोडलेलं अवजार पुढच्या वेळी तसंच तिरपं भेटणार. म्हणून सुरुवात जोडण्यापासून करू नका, जागेपासून करा.

जागा

शेडमध्ये किंवा अंगणात सपाट, टणक जमीन हवी. पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, केलीत तर उत्तम, नाहीतर नीट ठोकून बसवलेले पेव्हर ब्लॉकही चालतात. खाजणाजवळच्या भुसभुशीत जमिनीत अवजार एका पावसात चार बोटं खाली जातं, म्हणून माती नको. जमीन तयार झाली की प्रत्येक अवजाराची जागा ठरवा. ट्रॅक्टर एकदा अगदी बरोबर मागे घेऊन डाव्या मागच्या चाकाच्या बाहेरून जमिनीवर ऑइलपेंटची रेघ मारा आणि चाक जिथे थांबलं तिथे आडवी खूण करा. पुढच्या वेळी मान वळवून फक्त त्या रेघेकडे बघायचं. या रंगाला जेमतेम शंभर-दोनशे रुपये लागले, पण निम्मा त्रास त्यानंच कमी झाला.

सोडणं

अवजार ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक लिफ्टनं हळू खाली आणा, पण थेट जमिनीवर टेकवू नका. खाली लाकडी ठोकळे ठेवा, म्हणजे पिना जोडताना लागतात त्याच उंचीवर राहतील. कोणत्या अवजाराला किती ठोकळे लागतात ते अवजाराच्या फ्रेमवरच लिहून ठेवा. माझ्या रोटाव्हेटरवर पांढऱ्या रंगात लिहिलंय, "पुढे 1, मागे 2". नांगर एका बाजूला कलंडतो, त्याला स्वतःचा पाय किंवा टेकू हवाच.

मग इंजिन बंद. आधी पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरती ताकद अवजारापर्यंत नेणारा दांडा, काढा. नंतर टॉप लिंक, म्हणजे अवजार धरणाऱ्या तीन दांड्यांपैकी वरचा मधला. टॉप लिंकवर ताण असेल तर पिन निघत नाही, आणि आपण हातोडी घेतो. हातोडी नको. टॉप लिंकची मधली नळी थोडी फिरवत राहा. पिन दोन बोटांनी भोकात गरगर फिरायला लागली की ताण गेला समजा, मग ती आपणहून बाहेर येते. त्यानंतर उजवी खालची लिंक, शेवटी डावी.

जोडणं

क्रम उलटा: आधी डावी लिंक, मग उजवी, मग टॉप लिंक, शेवटी शाफ्ट. याला कारण आहे. बहुतेक ट्रॅक्टरवर डाव्या लिंकला उचलणारा दांडा ठरलेल्या लांबीचा असतो आणि उजव्याची लांबी कमी-जास्त करता येते. म्हणजे जी बाजू हलत नाही ती आधी बसवायची आणि दुसरी तिच्याशी जुळवून घ्यायची. उलट केलंत तर दोन्हीकडे भांडत बसाल.

मागे घेण्याआधी दोन्ही लिंकांच्या बाजूच्या चेन सैल करा, म्हणजे लिंक आडवी हलते. लो गियर, कमी रेस. लिफ्टला दोन लिव्हर असतील तर या कामाला पोझिशनचा लिव्हर वापरा, कारण त्यावर लिफ्ट हवी तिथे थांबते. ड्राफ्टच्या (अवजारावरच्या ओढीप्रमाणे लिफ्ट हलवणाऱ्या) लिव्हरवर ती अचानक वर-खाली होते आणि बोटं त्याच वेळी मध्ये असतात. सगळं जोडून झालं की चेन पुन्हा आवळायला विसरू नका. सैल राहिल्या तर अवजार डुलतं आणि टायरला घासतं.

दोन बोटांचा फरक राहिलाच, तर ट्रॅक्टर पुन्हा पुढे-मागे करण्यापेक्षा अवजार सरकवा. दोनशे किलोचा रोटाव्हेटर पहारेनं सरकवणं कठीण, पण त्याच्याखाली चाकांची चौकट असेल तर एका हातानं सरकतो. 50 मि.मी.च्या लोखंडी अँगलची चौकट वेल्ड करून घ्या आणि खाली 4 इंची चार कॅस्टर (सगळीकडे वळणारी) चाकं लावा, त्यातली दोन ब्रेकवाली. जमीन थोडी जरी उंचसखल असली तरी सगळं वजन तीन चाकांवर येतं, म्हणून चाकं निवडताना वजनाला चारनं नव्हे, तीननं भागा. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर अशी चाकं, पिना, साखळ्या सगळं मिळतं. जाड अँगल भंगारात हवी असेल तर दारूखाना भागातल्या भंगार बाजारात एक चक्कर मारा. चाकं-पिना पिशवीत घालून गोराईच्या बोटीनं येतात. चौकट मात्र गावातच वेल्ड करून घेतलेली बरी.

टॉप लिंकच्या खुणा

प्रत्येक अवजाराला टॉप लिंकची लांबी वेगळी लागते आणि आपण ती दर वेळी अंदाजानं फिरवत बसतो. एकदा शेतात अवजार नीट चालायला लागलं की तिथेच टेप लावून पिन ते पिन अंतर मोजा आणि तो आकडा अवजारावर लिहा. ज्यांच्या घरात ट्रॅक्टर दोघं-तिघं चालवतात, त्यांनी तर हे करायलाच हवं.

पिना

छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत पिनांच्या मापाचा घोटाळा फार होतो. कॅटेगरी 1 (हे जोडणीचं ठरलेलं माप) च्या अवजाराला खालच्या पिना 22 मि.मी.च्या आणि टॉप लिंकची पिन 19 मि.मी.ची असते. अगदी लहान अवजारांवर खालच्या पिना 16 मि.मी.च्याही सापडतात. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम चालवू नका. भोक अंडाकृती होतं आणि मग काहीच जुळत नाही. योग्य मापाचं बुश (पिनेवर चढवायची नळी) टाका. शिवाय प्रत्येक अवजाराच्या पिना आणि त्या निसटू नयेत म्हणून टोकाला लावायच्या लिंच पिना त्याच अवजाराला बारीक साखळीनं बांधून ठेवा, म्हणजे चिखलात शोधाव्या लागणार नाहीत.

आपल्याकडे खाऱ्या हवेनं आठ दिवसांत पिनेवर तांबूस थर चढतो. काढलेली पिन फडक्यानं पुसून, ग्रीसचा हात फिरवून लगेच जागेवर ठेवा.

पीटीओचा शाफ्ट

शाफ्ट कधीही जमिनीवर टाकू नका, अवजारालाच हूक लावून टांगा. सहा खाचांच्या शाफ्टवर एका खाचेवर लाल ठिपका द्या, तसाच समोरच्या तोंडावर. ठिपक्याला ठिपका लावला की चाचपडणं संपतं. दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच रेषेत आहेत ना, तेही बघा. वाकडे बसले तर शाफ्ट थरथरतो.

अवजार नवीन असेल तर लांबी तपासल्याशिवाय पीटीओ चालू करू नका. लिफ्ट वर-खाली करून, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा हा शाफ्ट सगळ्यात आखूड कुठे होतो ते पाहा. तिथे आतली नळी टेकण्याआधी निदान 25 मि.मी. मोकळी राहायला हवी, नाहीतर गियरबॉक्सवर दाब येतो. सगळ्यात लांब झाला असताना दोन नळ्या किमान एक तृतीयांश तरी एकमेकींत असाव्यात. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो. गमछा, ओढणी, पदर, काहीही त्यात अडकलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. कव्हर असू द्या.

क्विक हिच घ्यावी का?

त्रिकोणी किंवा चौकोनी लोखंडी फ्रेम ट्रॅक्टरला कायम लावून ठेवायची, आणि अवजार सीटवर बसूनच उचलून घ्यायचं, अशी ही सोय. चांगली आहे, पण सगळ्यांना लागत नाही. फ्रेममुळे अवजार चार बोटं मागे जातं, त्यामुळे शाफ्ट आखूड पडू शकतो. फ्रेमचं स्वतःचं वजनही लिफ्टवर येतं, आणि या आकाराच्या ट्रॅक्टरची उचल साधारण साडेसातशे किलोच्या आसपास, तीही लिंकच्या टोकाशी मोजलेली. अवजार जितकं मागे, तितकी उचल कमी. जुन्या अवजारांचे माप एकसारखे नसतील तर प्रत्येकावर वेल्डिंग करावं लागेल. तुम्ही दिवसातून तीन-चारदा अवजार बदलत असाल, भाड्यानं कामं करत असाल, तर जरूर घ्या. हंगामात दहा-पंधरा वेळा बदलणाऱ्यानं तो पैसा आधी जमिनीत आणि चाकांच्या चौकटीत घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जोडून झाल्यावर शेतात निघण्याआधी अवजार पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि एक फेरी मारा: सगळ्या लिंच पिना, चेन, शाफ्टची कुलूप-पिन. शाफ्ट हातानं ओढून बघा, टक् असा आवाज येऊन तो बसलेला असतो. उचललेल्या अवजाराखाली मात्र वाकू नका. खालचं काही बघायचं असेल तर ते आधी ठोकळ्यांवर उतरवा.