आगीनंतर दुकानातली काजळी काढताना पाणी शेवटी

आग विझली की माणसं बादली आणि ओलं फडकं घेऊन भिंतींना भिडतात. असं करू नका. काजळी तेलकट असते. पाणी लागलं की ती प्लास्टरच्या छिद्रांत मुरते आणि मग रंगाखालूनही पिवळट डाग वर येतात.

आधी वीज मेन स्विचपासून बंद करा, सगळीकडचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत जळका माल टाकू नका, दाव्यात तोच पुरावा असतो. एसी आणि पंखे चालवू नका, काजळी आतल्या खोल्यांत पसरते.

एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) व्हॅक्यूम भिंतीला न टेकवता फिरवा. मग कोरडा रबरी स्पंज घ्या. छतापासून खाली, एकाच दिशेने ओढा, गोल घासू नका. स्पंज धुवायचा नाही. काळा पडलेला थर ब्लेडने कापून टाकायचा. डिटर्जंटचं कोमट पाणी त्यानंतर.

घाई करायची ती लोखंडाची. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराईड सुटतो, दमटपणात त्याचं आम्ल होतं आणि शटर, रॅक, बिजागऱ्या काही दिवसांतच गंजायला लागतात. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा, कोरडं करा, पातळ तेल लावा. संगणक, बिलिंग मशीन, फ्रिज मात्र तंत्रज्ञाने उघडून साफ केल्याशिवाय चालू करू नका. आतल्या काजळीने शॉर्ट सर्किट होतं.

रंगाआधी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, प्रायमर लावा. नुसत्या डिस्टेंपरखाली धुराचा वास दबत नाही.