डिव्हिजन थ्री हॉकीच्या नॅशनल्सला निघताना: आधी स्टील

सगळ्यात आधी स्टील. आइस हॉकीचा स्केट म्हणजे बूट, त्याखाली प्लास्टिकचा होल्डर आणि होल्डरमध्ये अडकवलेलं पातं, त्या पात्यालाच सगळे स्टील म्हणतात. मी इकडे अमेरिकेत छोट्या कॉलेजच्या टीमचं सामान सांभाळते. डिव्हिजन थ्री म्हणजे कॉलेज खेळांची तिसरी पातळी, नॅशनल्स म्हणजे तिची देशपातळीची स्पर्धा, आणि तिला निघताना काय काय घ्यायचं ते सांगते. मागच्या वेळी सगळ्यांची जादाची स्टील्स धार लावून, नंबर टाकून, टॉवेलात गुंडाळून तयार केली आणि रॅकवरच विसरून आले. दुसऱ्या पिरियडला आमच्या एका डिफेन्समनचा पाय दाराच्या लोखंडी पट्टीवर पडला. नखावर पातं ओढून बघितलं तर नखाला ओरखडासुद्धा येईना, धार पार गेलेली. जादाचं स्टील असतं तर पोरगा मिनिटभरात परत बर्फावर असता, पण मी धार लावायच्या मशीनकडे धावले आणि येईपर्यंत तो एका पायात स्केट घालून बाकावर बसून होता, तेवढ्यात आम्ही गोल खाल्ला. या स्पर्धेत एक मॅच हरलं की घरी, आणि त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

म्हणून स्टीलचा डबा बसच्या डिकीत नाही, आपल्या सीटखाली. डावं-उजवं, साइज, कुठल्या कंपनीचा होल्डर हे सगळं टेपवर लिहा कारण एका कंपनीचं दुसऱ्याच्यात बसत नाही. गोलीची, म्हणजे गोलकीपरची, वेगळी ठेवा. आदल्या रात्री मोजा, बस हलायच्या आधी परत मोजा.

स्टिक, हेल्मेट, पॅड सांगत बसत नाही. जर्सीचे दोन्ही रंग घ्या, पांढरी घालायची की गडद ते समोर कोण येतं त्यावर ठरतं. केजचे, म्हणजे हेल्मेटला पुढे लावायच्या जाळीचे, स्क्रू मूठभर जास्तच घ्या, एनसीएएमध्ये (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) पूर्ण चेहरा झाकणं सक्तीचं आहे, केज तुटलं की पोरगा बाहेर. माउथगार्डही जादाची घ्या.

ओलं सामान रात्रभर डिकीत ठेवू नका, मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेला ग्लोव्हज लाकडासारखे कडक होतात. हॉटेल नंतर, आधी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, सामान उतरवून पंखे लावून वाळत घाला. २०२२ ची फायनल लेक प्लॅसिडला झाली, १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं तेच रिंक. अशा ठिकाणी पोरं आत शिरल्याबरोबर फोटो काढायला पळतात, पळू दे, तुम्ही आधी धार लावायचं मशीन कुठे आहे ते बघा.

आणि मॅच तीन पिरियड, ६० मिनिटांत संपेल असं धरून चालू नका. बरोबरी झाली तर इथे शूटआउट नसतो, २०-२० मिनिटांचे पिरियड, गोल होईपर्यंत. २०२३ ची फायनल होबार्ट कॉलेजने एड्रियन कॉलेजविरुद्ध ओव्हरटाइमलाच मारली. चौथ्या पिरियडपर्यंत मोजे भिजलेले, पोटात काही नाही आणि धार बोथट, म्हणजे परत स्टीलच, कळतंय ना? कोरडे मोजे आणि केळी भरपूर ठेवा.

बाकी टेप, लेस, बाटल्या, टॉवेल, मेडिकल किट नेहमीसारखं. वॉर्मअपच्या आधी डबा बेंचमागे, झाकण उघडं, नंबर वर दिसतील असे.